हौद्यातल्या चौदा सायकली

काही माणसांना दान देताना समोर माणसं लागतात, आणि पाठीमागे फलक. पेणच्या एका संस्थेचे अध्यक्ष त्यातले होते. त्यांच्या संस्थेने आमच्या शाळेतल्या मुलींसाठी चौदा सायकली दिल्या. शाळा रोह्याजवळ, वरसेच्या पलीकडे. आठवीच्या मुली तास-तासभर चालून यायच्या, त्यामुळे सायकलींची गरज खरी होती. मी तिथे मराठी शिकवायचे. सायकली ताब्यात घ्यायला मुख्याध्यापकांनी मला पेणला पाठवलं.

पिकअप घेऊन आलेला ड्रायव्हर वडखळच्या बाजूचा, मिठागरावर राबणाऱ्या घरातला. गणपतीच्या आधी दोन महिने पेणच्या मूर्ती तो लांब लांब पोचवायचा. रिबिनी बांधलेल्या सायकली दुकानाबाहेर रांगेत उभ्या होत्या. त्याने आधी त्या नुसत्या बघितल्या, मग सीटमागून गोणपाटांची चळत काढली.

"बाई, एकीचं तोंड पुढं, दुसरीचं मागं," तो मला म्हणाला. "म्हंजे हँडलला हँडल लागत नाय. मधी गोणपाट. नि दोरी सांगाड्यातनं घ्यायची, चाकातनं नाय. चाक फिरलं का दोरी ढिली पडते."

चार सायकली त्याने तशा लावल्या. हलवून बघितलं तर हौद्याबरोबर सायकली हलत होत्या, आपापल्या नाही. तेवढ्यात अध्यक्ष आले. पांढरा सफारी, बरोबर फोटो काढणारा एक माणूस.

"हे काय, भंगार नेतोय का आपण?" त्यांनी गोणपाटाकडे बोट दाखवलं. "सगळ्या सायकली एका तोंडाने उभ्या करा. रिबिनी मागून दिसल्या पाहिजेत. आणि फाळका उघडा ठेवा."

फाळका म्हणजे हौद्याचं मागचं झाकण. ड्रायव्हरने ते कानावर पडलंच नाही असं दाखवून बघितलं. मग म्हणाला, "साहेब, रस्ता खराब हाय. फाळका लावायलाच पायजे."

"तू गाडी चालव. नियोजन आमच्याकडे आहे."

नियोजन हा त्यांचा आवडता शब्द होता. ज्या माणसाने आयुष्यात स्वतःच्या हाताने एक गाठ मारली नसेल, तो मूर्ती पोचवणाऱ्याला बांधाबांध शिकवत होता. गोणपाटं परत सीटमागे गेली. चौदा सायकली लग्नातल्या वऱ्हाडासारख्या एका तोंडाने उभ्या राहिल्या आणि पुढच्या चाकांतून एकच बारीक दोरी ओवली गेली, रंगाला वळ नकोत म्हणून. मी शेजारी उभी होते. एवढं कळत असून मी तोंड उघडलं नाही. सायकली मिळेपर्यंत गप्प राहायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं आणि त्याला मी शहाणपण समजत होते.

मी ड्रायव्हरशेजारी बसले. अध्यक्षांची गाडी मागे, फोटो काढायला सोयीची म्हणून. महामार्ग रुंद करायचं काम तेव्हा चालू होतं. अर्धा रस्ता खोदलेला, उरलेल्यात खड्डे. ड्रायव्हर अगदी हळू नेत होता. तरी मागून हँडलं एकमेकांवर आपटल्याचा आवाज यायचा आणि दर वेळी तो दात आवळायचा.

कासूच्या जरा पुढे मोठा खड्डा आला. दोरी सुटली आणि शेवटची सायकल उघड्या फाळक्यावरून खाली गेली. त्याच वेळी एक मोटरसायकलवाला आम्हाला ओलांडायला बाजूला येत होता. सायकलीला चुकवताना तो खडीवर घसरला.

आम्ही उतरून धावलो. माणूस चाळिशीचा, धाटावच्या कंपनीत दुसऱ्या शिफ्टला निघालेला. पँट गुडघ्यावर फाटली होती, रक्त येत होतं. ड्रायव्हरने त्याला आधार देऊन कडेला बसवलं आणि पाणी दिलं. मागे अध्यक्षांची गाडी थांबली. काच अर्धी खाली आली.

"सायकल चालण्यासारखी आहे का?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, मला ऐकू आलं नाही. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, जरा मोठ्याने.

"माणूस पडलाय," मी म्हटलं.

"हो, हो. त्याला काहीतरी लावा. आपल्याला उशीर होतोय, पाहुणे आलेत." काच वर गेली आणि गाडी पुढे निघून गेली.

मग ड्रायव्हरने सगळ्या सायकली खाली घेतल्या आणि पहिल्यापासून लावल्या. एक पुढे, एक मागे, मधे गोणपाट, दोरी सांगाड्यातून, फाळका बंद. मी दोरीची टोकं धरून उभी राहिले. त्या माणसाची मोटरसायकल चहाच्या टपरीवर ठेवली आणि त्याला आमच्याजवळ बसवलं. नागोठणं गेलं, भिसे खिंडीची वळणं गेली. मागून आवाज आला नाही. रोह्यात दवाखान्यात त्याला पट्टी करून घेतली. "शिफ्ट गेली," एवढंच तो म्हणाला, तेही कुरकुर न करता.

शाळेत सायकलवाटपाचा कार्यक्रम आमच्यासाठी थांबला होता. पडलेल्या सायकलीची रिम वाकली होती, ती स्टेजमागे लपवण्यात आली. अध्यक्ष बोलायला उभे राहिले. शिस्त, नियोजन, मुलींचं शिक्षण. शेवटी म्हणाले, "वाटेत ड्रायव्हरच्या निष्काळजीपणामुळे एका सायकलीचं नुकसान झालं. पण आम्ही मोठ्या मनाने ते सोडून दिलं."

ड्रायव्हर मांडवाच्या कडेला उभा होता. त्याने मान खाली घातली नाही, वरही केली नाही. मोठं मन म्हणे. त्या मनात एक फुटलेला गुडघा मावला नव्हता.

आभार मानायचं काम माझ्याकडे होतं. मी पाहुण्यांचे, संस्थेचे आभार मानले. मग म्हटलं, "ड्रायव्हरदादांचे विशेष आभार. सायकली कशा बांधायच्या ते त्यांनी पेणला सांगितलं होतं. अध्यक्षांनी फोटोसाठी फाळका उघडा ठेवायला लावला, म्हणून सायकल पडली. कामावर निघालेला एक माणूस त्यामुळे जखमी झाला. त्याची विचारपूसही ड्रायव्हरदादांनीच केली."

मांडवात कोणी टाळी वाजवली नाही. मुख्याध्यापक समोरच्या फुलदाणीकडे बघत बसले. अध्यक्ष चहा न घेता निघाले. ड्रायव्हर जाताना मला म्हणाला, "बाई, एवढं कशाला बोललात? मला सवय हाय." मला त्याचाही राग आला, आणि सकाळी पेणला गप्प राहिले म्हणून स्वतःचा जास्त.

पुढच्या वर्षी त्या संस्थेने सायकली दुसऱ्या शाळेला दिल्या. आमच्या नव्या आठवीच्या मुली चालतच येत राहिल्या. एकदा स्टाफरूममध्ये गणिताच्या बाई मला म्हणाल्या, "तुमचं खरं होतं. पण ते अध्यक्ष आपल्या घरी गेले, आणि चालतायत या पोरी."

मी वह्या उचलल्या आणि आठवीच्या तासाला गेले. त्या अध्यक्षांबद्दलची किळस मात्र अजून तेवढीच आहे, आणि ती कमी व्हावी असं मला वाटतही नाही.