महादेवी सिस्टर आणि सगळ्यांची मूळव्याध

महादेवी सिस्टर पेशंटला आधी बसायला सांगायच्या आणि तो कसा बसतो ते बघायच्या. सोलापुरातल्या आमच्या छोट्या दवाखान्यात मी नवा सर्जन होतो आणि त्या तीस वर्षं जुन्या. पेशंट एका कुल्ल्यावर कलून बसला की मला हळूच सांगायच्या, "गळू." बसायलाच नको म्हणाला की, "फिशर. सकाळी काचेनं कापल्यासारखं झालं असंल बगा." पुष्कळदा त्यांचंच खरं निघायचं. माझ्या पदव्यांचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं.

पेशंट मात्र सगळे एकच आजार घेऊन यायचे. खाज असो, भेग असो, भगंदराचा पू असो, खाली बघून म्हणायचे, "मूळव्याध." सिस्टर शांतपणे विचारायच्या, "बगितलं कुणी?" बघितलेलं कुणीच नसायचं.

मंद्रूपकडचे सिद्धाप्पा मेंढपाळ आले ते बाकावर ऐसपैस बसले. रक्त जातं, दुखत न्हाय, मलम द्या, म्हणाले. तपासायचं म्हटल्यावर उठून निघालेच. बाहेर गर्दी होती, मीही मलम लिहून मोकळा झालो. सिस्टरांनी दारातच त्यांच्या हातातली चिठ्ठी काढून घेतली. सिद्धाप्पा इतके वाळले होते की बंडी अंगावर लोंबत होती, ते मला दिसलं नव्हतं. सिस्टरांनी खोदून विचारलं तेव्हा कळलं, दिवसातून चार-पाचदा संडासला जावं लागायचं आणि तरी पोट साफ व्हायचं नाही.

"दुखत न्हाय, त्याचीच मला भीती वाटती, अण्णा," सिस्टर म्हणाल्या. "मेंढरू आजारी पडलं की शेपटी उचलून बगताच की. मग तुमचं दाखवायला का लाजता?"

सिद्धाप्पा मुकाट्यानं कुशीवर झाले. माझ्या बोटाला टणक गाठ लागली. तुकडा तपासला तर कर्करोग निघाला, पण वेळेत. ऑपरेशन होऊन ते बरे झाले. मी मलम लिहिलं होतं, यावर सिस्टर मला एक शब्दही बोलल्या नाहीत. ते न बोलणं मला अजून पुरतंय.

गेल्या वर्षी सिस्टर गेल्या. त्यांच्या घरी भेटायला गेलो तर अंगण माणसांनी भरलेलं. निम्मे आमचे जुने पेशंट, सगळे माझी नजर चुकवणारे. सिस्टरांची मुलगी प्रत्येकाला विचारत होती, आईला कसे ओळखत होता? "अशीच, जुनी ओळख," असं जो तो पुटपुटत होता. एका वकिलांनी तर भाजी मंडईतली ओळख सांगितली.

सिद्धाप्पा उठून उभे राहिले.

"मला संडासच्या जागी कॅन्सर झालता, पोरी. मी लाजून पळत हुतो. तुज्या आईनं धरून बसवलं, म्हणून हाय मी."

वकील खाकरले.

"माझं भगंदर होतं," ते म्हणाले.