कॅमेऱ्याला घातलेला हार

सातिवलीच्या आमच्या कारखान्यात बरण्यांची झाकणं बनतात. ती खोक्यात भरायची, तेही उभ्यानेच. कोणी बसलेलं दिसलं की पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा घरी. त्यासाठी वर कॅमेरे. साहेब म्हणायचे, बघणारा असो नसो, कोणीतरी बघतंय असं वाटलं की माणूस आपोआप सरळ वागतो. खोटं नव्हतं ते. आम्ही जांभईसुद्धा तोंड फिरवून द्यायचो.

पडद्यासमोर चिंचोटीचे आत्मारामकाका बसायचे. बसलेल्याचं नाव साहेबांना कळवायचं, हेच त्यांचं काम. पाठीमागे आम्ही त्यांना चुगलखोर म्हणायचो, तोंडावर काका.

मला सातवा महिना लागला आणि पाय सुजून टम्म झाले. नवऱ्याचं काम सुटलेलं. माझी नोकरी गेली असती तर बाळंतपणाचं काही खरं नव्हतं.

दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली. उत्साहाच्या भरात माझ्या शेजारी काम करणाऱ्या जीनाने आमच्या टेबलाच्या वरच्या कॅमेऱ्यालाही झेंडूचा हार घातला. म्हणाली, "तो पण मशीनच ना?" हार नेमका भिंगावर लोंबला. पूजेचा म्हणून नंतर त्याला कोणी हात लावेना.

दुसऱ्या दिवशी मी हळूच खोक्यावर टेकले, तोच काका समोर येऊन उभे. त्यांनी हाराकडे बघितलं, मग माझ्या पायांकडे. मी धडपडत उठले.

"देवाचा हार हाय, कोन काढनार?" ते म्हणाले. "तू बस."

बाळंतपणाची रजा लागेपर्यंत मी बसून काम केलं. झेंडू वाळून काळा पडला, पण हार काही गळला नाही.

मुलगी झाली. नोकरीही टिकली. परत कामावर आले तेव्हा जीनाने सांगितलं, साहेबांनी हार काढायला लावला, तर आतून सुतळी निघाली. तो पडू नये म्हणून काकांनीच बांधून ठेवला होता. तेव्हापासून काका फाटकावर, दिवसभर उभे. पडदा आता साहेबांच्या मोबाइलवर.

मी धावत फाटकावर गेले. "काका, माझ्यामुळे झालं हे."

"पोर बरी हाय ना?" त्यांनी विचारलं.

आम्ही ज्याला चुगलखोर म्हटलं, त्या माणसाचे उपकार माझ्याच्याने फिटायचे नाहीत.

आता जेवणाच्या सुट्टीत मी डबा तिकडेच नेते. काका फाटकावरच्या कॅमेऱ्याच्या अगदी खाली, त्याला दिसत नाही तिथे बसून निवांत जेवतात. साहेबांना फाटकावर कोणीतरी उभं दिसायला हवं असतं, म्हणून तेवढा वेळ मी उभी राहते.