ओळबाईंची पहिली ओळ

ऑफिसात त्यांना सगळे ओळबाई म्हणत, अर्थात त्यांच्या पाठीमागे. कुणी कसलाही मसुदा टेबलावर ठेवला की तो हातात घ्यायच्या आधीच त्या विचारत, "पहिली ओळ काय आहे?" पत्र ज्याच्या हातात पडेल त्याने आता काय करायचं, ते पहिल्याच ओळीत आलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. 'उपरोक्त विषयास अनुसरून' दिसलं की त्या कागद तसाच परत सरकवायच्या. "हे उपरोक्त घरी बोलता का हो तुम्ही? बायकोशी बोलून बघा, आणि मग या."

मी त्याच मजल्यावर जावक कारकून होतो. बाहेर जाणाऱ्या पत्रांना क्रमांक द्यायचा, घडी घालायची, पाकीट चिकटवायचं, पोस्टात पाठवायचं. बत्तीस वर्षं हेच. बाईंबद्दल कुणीतरी जाणतं माणूस लिहील, असं मला वाटत होतं. इतक्या वर्षांत कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो आहे.

आमचं खातं अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी मदतनीस पाठवायचं. मदतनीस सकाळ-संध्याकाळ येते, रुग्णाला उचलते, धुते-पुसते, कूस बदलते. सगळा खर्च सरकारचा. पण त्यासाठी अर्ज भरावा लागे, आणि आमचा अर्ज वाचून धडधाकट माणूसही अंथरूण धरेल, असं आमच्यातच म्हणायचे. तो अर्ज, पत्रं, मोबाइलवरचे संदेश, संगणकावरची पानं, लोकांना जे जे वाचावं लागतं ते ते लोकांना कळेल असं करण्यासाठी बाईंना नेमलं होतं. हाताखाली तीन माणसं. साहेब पाहुण्यांना ओळख करून द्यायचे, "या आमच्या भाषा सुधारतात." बाई म्हणायच्या, "भाषा कुठली साहेब, मी रांग कमी करते."

त्यांचे वडील अर्जनवीस. जन्मभर कचेरीबाहेर घडीचं टेबल टाकून त्यांनी लोकांचे अर्ज लिहिले. फाइल पोचवायला मी दोन-चारदा त्यांच्या घरी गेलो, तेव्हा म्हातारबुवा खिडकीशी बसून मुलीला टोचत असायचे. "कागद अवघड होता म्हणून तुझ्या शाळेची फी भरली गेली. आणि तू निघालीस तो सोपा करायला. बापाच्या पोटावर पाय द्यायला एवढं शिकलीस होय?" बाई हसून त्यांच्यापुढे चहा ठेवायच्या.

बाईंची कामाची एक रीत होती. आम्ही तिला मुकी बैठक म्हणायचो. तळमजल्यावर बाकांवर लोक नंबर लागायची वाट बघत बसलेले असत. बाई नवा मसुदा घेऊन खाली जायच्या आणि एखाद्याला म्हणायच्या, "दादा, जरा हे वाचता का? परीक्षा तुमची नाही, आमची आहे." मग शेजारी मुकाट बसायचं. समजावायचं नाही, खुणावायचं नाही, 'म्हणजे असं बघा' म्हणायचं नाही. आमच्याकडे येणारे बरेच जण ओळीवर बोट ठेवून वाचत. ते बोट जिथं थांबेल तिथं बाई वहीत फुली मारत.

"बोट थांबलं तिथं आपण चुकलोय, काका. तो नाही चुकला," त्या मला सांगायच्या.

खाली माणसं कमी असली की त्या मलाच बसवायच्या. "तुम्हाला कळलं की सगळ्यांना कळेल." हे कौतुक होतं की टोमणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दरवर्षी सगळ्या घरांना एक पत्र जायचं. तुमची मदत पुढच्या वर्षीही मिळेल, एवढंच त्यात असायचं. पण दोन पानं वाचून लोकांना वाटायचं की मदत बंद होणार. पत्र गेलं की चौथ्या दिवशी रांग फाटकाबाहेर. लोक आजाऱ्याला एकटं टाकून येत. बाईंनी ते पत्र सात वेळा लिहिलं, तेवीस जणांबरोबर बसल्या. शेवटी पहिली ओळ ठरली ती अशी: 'तुमची मदत चालू राहील. तुम्हाला आता काहीही करायची गरज नाही.' बाकावरच्या एका म्हातारीने एवढं वाचलं, सुस्कारा सोडला, कागदाची घडी केली आणि पिशवीत टाकला. बाकीचं तिने बघितलंही नाही. वर आल्यावर बाईंनी मला वही दाखवली. 'बोट थांबलं नाही. पुढे वाचलं नाही. गरज पडली नाही.' त्यांना मी एवढं आनंदात कधी पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी रांग लागली नाही. पुढच्या वर्षीही नाही.

मग कामं वाढली, माणसं तीनच राहिली. बाईंनी एक सोय केली. मुक्या बैठकीत खरी उतरलेली वाक्यं त्यांनी संगणकात एका जागी साठवली. तिला वाक्यांची पेटी म्हणत. नवं पत्र करायचं असेल तर पेटीतून वाक्यं उचलायची, आणि पेटीतल्या वाक्याची पुन्हा बैठक घ्यायची नाही, असा नियम त्यांनीच केला. पेटीतलं पहिलं वाक्य कुठलं, ते सांगायला नकोच.

पुढे वरून नियम बदलला. दोन वर्षांहून जास्त काळ मदतनीस येते आहे त्यांनी तीस दिवसांत डॉक्टरांचा दाखला पाठवायचा, नाहीतर मदत बंद. आदेश मंगळवारी आला, पत्रं शुक्रवारी जायला हवी होती. दाखल्याचं पान कायदा विभागाने लिहून दिलं. ते दुसरं पान झालं. पहिलं पान दरवर्षीचंच, पेटीतल्या वाक्यांचं. त्यामुळे बैठक झाली नाही. पहिल्या पानाला तिची गरज नव्हती आणि दुसरं पान बाईंच्या विभागाचं नव्हतं. सहीसाठी कागद बाईंपुढे गेला. त्यांनी पहिली ओळ बघितली. ती त्यांचीच होती. सही केली.

दोन्ही पानं एकापुढे एक ठेवून कुणीच वाचली नाहीत, असं नंतर चौकशीत लिहिलं गेलं. ते खरं नाही. मी वाचली होती. घडी घालताना नजर गेली. एक पान म्हणत होतं काही करू नका, दुसरं म्हणत होतं दाखला पाठवा. मी एक पत्र हातात घेऊन बाईंच्या दारापर्यंत गेलो. मग वाटलं, आत एवढी शिकलेली माणसं बसली आहेत, त्यांनी काही विचार केलाच असेल. जावक कारकुनाने कशाला शहाणपणा शिकवावा? परत आलो आणि अकराशे चाळीस पाकिटं चिकटवली.

तीस दिवस झाल्यावर संगणकाने आपोआप तीनशे बारा घरांची मदत बंद केली. त्या घरच्या मदतनिसांना दुसरी घरं दिली गेली. फोन सुरू झाले. बाई आणि त्यांची तीन माणसं सकाळपासून फोन घेत बसली आणि पंधरा दिवसांत बहुतेक सगळ्यांची मदत परत सुरू झाली. एकाचा फोन आलाच नाही.

ते एक म्हातारे शिंपी होते. बायकोला अर्धांगवायू होऊन चार वर्षं झालेली. मदतनीस येईनाशी झाली तेव्हा त्यांना वाटलं, रजेवर असेल बिचारी. पत्रात तर लिहिलं होतं की मदत चालू राहील. त्यांनी तेरा दिवस बायकोला एकट्याने उचललं. चौदाव्या दिवशी पाठ दगा देऊन गेली आणि दोघंही मोरीच्या उंबऱ्यावर पडली. बायकोचं खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात नवव्या दिवशी ती गेली.

"काका, माझ्याबरोबर येता?" बाई माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या. "एकटीने जाववत नाही."

शिंप्यांची एकच खोली होती. शिलाईचं मशीन झाकून ठेवलेलं. पलंगावरची गादी मधोमध खोल गेलेली, तिच्यावर कुणी चादर घातली नव्हती. शिंपी कमरेला पट्टा बांधून बसले होते, गळ्यात मोजपट्टी तशीच. बाईंनी पत्राबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी ते मशीनच्या खणातून काढलं. नीट घडी घातलेलं होतं.

"आजोबा, मला वाचून दाखवता?"

त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवलं. बाई शेजारी मुकाट बसल्या. बोट पहिल्या ओळीवरून सरळ गेलं, कुठं थांबलं नाही. त्यांनी पत्र मिटलं.

"झालं," ते म्हणाले.

"आणि पुढचं?"

"पुढचं कशाला? पूर्वी तुमचं पत्र आलं की धडकीच भरायची. मी ते कोपऱ्यावरच्या मास्तरांकडे न्यायचो, ते सगळं वाचून सांगायचे. आता बरं लिहिता तुम्ही. पहिल्या ओळीतच कळतं. ही म्हणायची, लिहिणारं माणूस भलं दिसतंय."

निघताना बाईंनी सांगितलं, "ते पत्र मीच लिहिलं." शिंपी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांना ते नीट कळलं की नाही, मला सांगता येणार नाही.

जिना उतरताना बाईंनी विचारलं, "पत्रं तुमच्या हातून गेली ना? तुम्ही वाचलं होतंत का?"

"नाही बाई," मी म्हणालो. "एवढी पत्रं. कोण वाचत बसतं?"

"खरंय," त्या म्हणाल्या. "कोण वाचतं."

त्याच आठवड्यात फाइल द्यायला त्यांच्या घरी गेलो होतो. म्हातारबुवांना सगळं कळलं होतं. त्या दिवशी त्यांनी टोचलं नाही, हळूच बोलले. "घाबरलेला माणूस चार दारं ठोठावतो गं. त्यातलं एक माझं असायचं. तू त्यांची भीती काढलीस. भीती काढलीस की पुढचं सगळं तुझ्या अंगावर." बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. चहा गाळायचा राहून गेला.

साहेबांनी बाईंना बोलावलं तेव्हा मी तिथंच टपाल घेऊन उभा होतो.

"त्या शिंप्याला उत्तर जायला हवं. लिहा की आवश्यक ती माहिती दुसऱ्या पानावर दिलेली होती. आणि खेद व्यक्त करा."

"दुसरं पान त्यांनी का वाचलं नाही ते मला माहीत आहे, साहेब. वाचायचं नाही हे मीच शिकवलं त्यांना."

"उद्या कोर्टात गेला म्हणजे? तुमची खुर्ची राहील का?"

"न राहायला काय झालं? खुर्ची राहीलच. मी नसेन तिच्यावर."

साहेबांना हसू आलं नाही. मलाही नाही.

ते पत्र लिहायला बाईंनी दोन दिवस घेतले. एरवी आठ ओळींच्या पत्राला त्यांना तासही लागत नसे. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या कागद घेऊन माझ्याकडे आल्या. कागदावर नुसती खाडाखोड.

"पहिली ओळ सुचत नाही, काका."

"तुम्हाला?"

"त्यांनी आता काय करायचं, ते पहिल्या ओळीत यायला हवं ना? काय करायचं त्यांनी?"

मी डबा बाजूला सारून कागद बघितला.

"पेटीतलं वाक्य बसतंय," त्या म्हणाल्या. "अगदी बरोबर बसतंय. म्हणूनच लिहवत नाही."

शेवटी त्यांनी पत्र 'चूक आमची होती' असं सुरू केलं. काय चुकलं, कुणी सही केली, पेटीचा नियम कुणी केला होता, सगळं लिहिलं, आणि खाली साहेबांचं नाही, स्वतःचं नाव घातलं. साहेबांची मंजुरी नसलेल्या पत्राला जावक क्रमांक द्यायचा नसतो. मी दिला. पाकीट मीच नेऊन टाकलं. पण म्हणून माझं आधीचं फिटलं, असं मला कधी वाटलं नाही.

महिन्याच्या आत बाईंची बदली तळघरातल्या जुन्या कागदांच्या खोलीत झाली. तिथं वाचणारं कुणी नव्हतं आणि लिहायलाही काही नव्हतं. गठ्ठे बांधायचे आणि चिठ्ठ्या डकवायच्या. पेटी वर तशीच राहिली. तिच्यातली वाक्यं दुसरे लोक वापरत होते.

त्यानंतर एके दिवशी दुपारी शिंपी ऑफिसात आले. रीतसर नंबर घेऊन बाकावर बसले. खिडकीवरच्या मुलीला त्यांचं काम काय ते कळेना, तिने मला बोलावलं. त्यांच्या हातात बाईंचं पत्र होतं. मी तळघरात जाऊन बाईंना घेऊन आलो. हात धुळीने भरलेले तशाच त्या त्यांच्या शेजारी बसल्या.

शिंप्यांनी पत्र मांडीवर पसरलं. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि शेवटच्या ओळीपर्यंत नेलं. मग पान उलटून मागची कोरी बाजूही दाखवली.

"या वेळी सगळं वाचलं, ताई. मास्तरांकडूनही वाचून घेतलं. पण मी काय करायचं ते काही सापडलं नाही. राहून गेलं का लिहायचं?"

मी माझ्या सवयीने त्यांच्या हाताकडे बघितलं. वही नव्हती.

"नाही, आजोबा," त्या म्हणाल्या. "राहिलं नाही. तुम्हाला आता काहीही करायची गरज नाही."

"बरं," शिंपी म्हणाले, आणि त्यांनी पत्राची नीट घडी घातली. खिडकीवर त्यांचा नंबर लागला होता. मुलीने तो दोनदा पुकारला, आणि मग पुढचा पुकारला.