बटनं जागच्या जागी

फोन आला तेव्हा मी शैलावरच चिडून बसले होते. लग्नसराई तोंडावर, दुकानात पत्रिकेवाल्यांची रीघ, आणि ही बया "जरा दम लागायलाय, उद्या येते" म्हणून घरी. मोबाइलवर तिचं नाव दिसलं. उचलल्या उचलल्या मी म्हणाले, "येतीस का पालखी पाठवू?" पलीकडं तिचा नवरा होता. "ताई, शैला गेली..." माझं ते वाक्य त्यांनी ऐकलं असणार. आता महिना होत आला, पण अजून त्यांच्यासमोर मान वर होत नाही.

परभणीत कोर्टामागच्या गल्लीत आमचं दोघींचं टायपिंगचं दुकान. अर्ज, करारनामे, पत्रिका, येईल ते काम. शैला चुडाव्याची, तोंडानं फटकळ आणि बोटानं त्याहून. माऊस तिला खपायचाच नाही. मजकूर निवडायचा, उचलायचा, दुसरीकडं टाकायचा, छापायला सोडायचा, सगळं कंट्रोल नाहीतर आल्ट दाबून. मी बाण सरकवत मेनू शोधायची, तोवर तिचं गिऱ्हाईक कागद घेऊन पायऱ्या उतरलेलं असायचं. "हात उचलून माऊसकडं नेतीस, परत आणतीस. भाकरी थापताना दर खेपेला हात धुतीस का ग?" असं म्हणायची. लाईटचा काही भरवसा नसायचा, म्हणून दर ओळीला सेव्ह करायला तिचं कंट्रोल-एस ठरलेलं. मला वाटायचं, लय मिरवती ही. पुढं पुढं तर तिनं माऊसची वायरच काढून टाकली. तेव्हाही मला नखराच वाटला.

मग झरीचे एक म्हातारे आले. बायकोच्या तेरवीची पत्रिका करायची होती. आमच्या धंद्यात नवी पत्रिका कोरी कधी होत नाही. जुनी उघडायची, सगळी उचलायची, नावं-तारखा बदलायच्या. शैलानं चौकट चांगली म्हणून एक लग्नपत्रिका उचलली आणि खाली मजकूर बदलला. पहिला कागद म्हाताऱ्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरून वाचला, परत वाचला. मग हळूच म्हणाले, "बाई, आमची म्हातारी गेलीय. ही किरपा कशाची म्हनायची?"

वर ठसठशीत अक्षरात तसंच राहिलं होतं... 'आमच्या येथे श्रीकृपेकरून'.

शैलानं कागद ओढून घेतला, नाकाशी नेला, तिरका केला. एवढी मोठी ओळ, पण तिला ती सापडेना. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी म्हाताऱ्यांचे पाय धरले, पत्रिका नीट करून दिली आणि भरदुपारी शटर अर्धं खाली ओढलं.

"शुगरनं डोळ्याचा पडदा खराब झालाय," ती म्हणाली. "मधलं दिसंना, कडंकडंचं दिसतंय. तो माऊसचा बाण तर कवाच हरवला. पण बटनं कुठं जातेत? जागच्या जागी हायेत."

"घरी सांगितलंस?"

"सांगितलं की बसवतेल मला खाटंवर. हातात चहा, हातात गोळी. मी मरून जाईन ग अशानं..." आणि ती हमसून रडायला लागली. शैलाला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. म्हणाले, "रडू नको, कीबोर्डात पाणी जाईल." रडता रडता हसली मेली.

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या शेजारी खुर्ची टाकली. मी मजकूर मोठ्यानं वाचायचा, तिनं बटनं दाबायची, झालं की पडद्यावरचं मी पुन्हा वाचून दाखवायचं. मी वाचायची आणि तिच्या बोटांची टकटक थांबेपर्यंत दम धरायची. घाई केली की ओरडायची, "कुत्रं मागं लागलंय का तुझ्या?" समोरचा चहावाला विचारायचा, "ताई, कोनती पोथी लावलीय?" आम्ही कुणाला पत्ता लागू दिला नाही. ती म्हणायची, तूही बटनं शिकून घे. मी म्हणायची, "मी हाय ना वाचायला, तू हायेस ना दाबायला." दिवसभर काम ओढून संध्याकाळी ती ताठ मानेनं घरी जायची. तेवढंच तिला हवं होतं आणि ते शेवटपर्यंत मिळालं. शुगर मात्र डोळ्यांवर थांबली नाही, आतून हृदय पोखरत राहिली. आम्ही दोघी डोळ्यांचंच लपवत बसलो.

परवा पिंगळीची एक बाई लेकीच्या लग्नाची पत्रिका करायला आली. मी माझ्या मशीनवर बसले, पहिली ओळ मोठ्यानं वाचली आणि थांबले. थांबलेच.

"ताई, काय झालं? गप का बसलाव?" बाई म्हणाली.

"थांबा," मी म्हणाले, "तिचं दाबून होऊ द्या."

बाईनं शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आणि मला भर दुकानात रडू फुटलं.