गिनीपिगला म्हशीचं दूध

काल नातीनं दोन गिनीपिग आणले आणि घरभर सुक्या गवताचा वास पसरला. त्या वासानं मला थेट गडमुडशिंगीच्या आमच्या गोठ्यात नेऊन बसवलं. तेव्हा मी तिशीची. चार म्हशींची धार काढते म्हणजे जनावरांतलं सगळं कळतं, असा माझा तोरा. लेकाच्या हट्टापायी एक गिनीपिग आणला होता. तो दिवसभर शिट्टी मारल्यासारखा ओरडायचा. मी निदान केलं, भूक! आणि वाटीभर धारोष्ण दूध त्याच्यापुढं ठेवलं.

सासूबाई म्हणाल्या, "तालमीतला पैलवान हाय व्हय गं ह्यो?"

"अंग धरंल की, आत्ती!"

सकाळी तो गवताला तोंड लावेना. लेक रडून लाल. मग ह्या विदुषी, म्हणजे मीच, घाबरल्या आणि त्याला पदरात घेऊन दिवसभर बसल्या. संध्याकाळी त्यानं एक काडी ओढली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. नवल म्हणजे दिवसभरात तो एकदाही ओरडला नव्हता.

नात म्हणते, "आजी, ह्यांना दूध चालत न्हाय, आणि एकटं तर ठेवायचंच नसतं."

मग तो भुकेनं ओरडायचा, की सोबतीसाठी? माझा गोंधळ काही मिटेना. म्हणून मघाशी एकाला हळूच पदरात घेतलं.

पिंजऱ्यातला दुसरा लगेच शिट्ट्या मारायला लागला.