सरांच्या तोंडचा इचू

माझी नात लुंबिनी, किनवटची पोर. प्राणिशास्त्रात पीएचडी करायची म्हणून नांदेडला मुलाखतीला गेली. विषय विचारला, तर घाईत बोलून गेली, "सर, आमच्या रानातले इचू."

विभागप्रमुख खुर्चीतच हसले. "आधी 'विंचू' म्हणायला शिका, बाई. मग संशोधन करा." त्या वर्षी तिची निवड झाली न्हाई.

घरी येऊन ती रडली न्हाई. भाकरी मोडत म्हणाली, "आबा, हा शब्द मी त्यांच्याच तोंडून वदवून घेणार." मला लई बरं वाटलं. डूख धरण्यात पोरगी माझ्यावरच गेलीय.

पुढच्या वर्षी तिथल्याच एका मॅडमनी तिला घेतलं. मग दगड उलथत ती रानोमाळ फिरली, दोनदा नांगीही बसली. प्रबंध इंग्रजीत, पण त्याच्या नावात तिनं 'इचू' घातलाच.

मॅडम म्हणाल्या, "काढ तो शब्द, सर चिडतील."

"म्हणूनच राहू द्या, मॅडम."

शेवटची तोंडी परीक्षा ऐकायला घरच्यांनाही बसता येतं. मी पहिल्याच रांगेत बसलो. प्रबंधाचं नाव विभागप्रमुखांनी वाचायचं, अशी तिथली रीत. सरांनी इंग्रजी भरभर वाचलं आणि त्या शब्दापाशी आवाज पार खाली नेला.

माझे कान शाबूत आहेत. तरी मी हात वर केला. "सर, म्हाताऱ्याला ऐकू आलं न्हाई."

सरांनी घसा खाकरला. मग सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणाले, "इचू."

"हाव, आता बरोबर म्हणलात," मी म्हणालो. "विचारा तिला काय विचारायचं ते."