फिरतं चाक, उभी रेघ

लाल दिव्याखाली लाल रंग पांढरा दिसतो, हे फोटोवाल्याला ठाऊक नव्हतं असं नाही. उभा जन्म त्याने त्याच दिव्याखाली फोटो धुण्यात घालवला होता. पण ठाऊक असणं वेगळं आणि वेळेला आठवणं वेगळं. बायकोच्या मोटरसायकलची बॅटरी उतरली, तेव्हा त्याने ती चार्जिंगला लावली आपल्या अंधाऱ्या खोलीत. घरातला मोकळा प्लग तेवढाच. पुढे घोळ नको म्हणून गाडीच्या तारांना अंगणात चिकटपट्ट्या लावल्या, एका तारेला लाल आणि दुसरीला पांढरी. बॅटरीच्या टोकांना तशाच पट्ट्या लावल्या, पण त्या आत, लाल दिव्याखाली. मग बाहेर येऊन त्याने लालला लाल आणि पांढऱ्याला पांढरी अशी चोख जोडणी केली आणि किल्ली फिरवली.

सीटखालून चर्र असा आवाज आला आणि पाठोपाठ जळका वास. गाडी मुकी झाली.

बायको घरोघरी जाऊन इंजेक्शनं देणारी परिचारिका. चढावरच्या शेवटच्या घरात एक आजोबा होते, त्यांना संध्याकाळच्या जेवणाआधी सुई लागायची. ती येईपर्यंत ते ताटाला हात लावत नसत, आणि त्या रस्त्याला बस नव्हती. बायको रागावली नाही, हेच वाईट होतं. यापुढे तुम्ही मला मदत न करण्याची मदत करा, एवढंच म्हणाली आणि गाडी ढकलायला लागली. फोटोवाला मागून ढकलत होता. निदान तोंड दिसत नव्हतं.

मावशीचं गॅरेज जिन्याखाली होतं. तिच्याहून वयाने मोठी माणसंही तिला मावशीच म्हणत. तरुणपणी ती पंख्यांच्या कारखान्यात तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळायची. एक मेकॅनिक तिथे जळलेली कॉईल घेऊन आला, मग दुसरी, मग तिसरी. इतक्या कॉईल जळतात कशा, असा तिला संशय आला, तोवर लग्न ठरलं होतं. संसार झाला, गॅरेज झालं, आणि हळूहळू वाटणीही झाली. बोलायचं काम नवऱ्याकडे, म्हणजे काकांकडे, आणि गाडीचं काम मावशीकडे. काका गिऱ्हाईकाला चहा देत इंजिनाचं मन उलगडून सांगायचे. मावशी दिवसभरात जेवढं बोलायची तेवढं काका एका शिंकेला बोलत.

मावशीने इंजिनातला स्पार्क प्लग काढला, इंजिनावर टेकवला, किक मारली. ठिणगी नाही. सीटखालचा काळा डबा काढला, हुंगला आणि फोटोवाल्याच्या नाकाखाली धरला. ठिणगी कधी पडायची ते हाच ठरवतो, काकांनी सांगितलं, म्हणजे ठरवत होता. मग मावशीने फ्यूजच्या जागी बसवलेली तांब्याची तार चिमट्याने उचलून धरली. खरा फ्यूज असता तर तो आधी जळाला असता आणि डबा वाचला असता. बायकोने तारेकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. नवरा छताला कोळी आहे का ते पाहत होता.

मावशीने तारा सुलट केल्या, फ्यूज घातला आणि खणातून दुसरा डबा काढून बसवला. गाडी सुरू झाली, पण खोकत, अडखळत. फोटोवाल्याचा जीव भांड्यात पडला. चालतेय ना, मग निघू दे हिला, असं तो म्हणून गेला. बायकोने पिशवी खांद्याला लावलीसुद्धा. मावशीने किल्ली काढून आपल्या खिशात टाकली. ठिणगी उशिरा पडत होती. सपाटीवर गाडी गेली असती, चढावर बसली असती. हे सगळं अर्थात काकांनी सांगितलं. बाहेर सावल्या रस्त्याच्या पलीकडे पोचल्या होत्या. बायको एकदा घड्याळाकडे आणि एकदा त्या खिशाकडे बघत राहिली.

मावशीने इंजिनाची बाजूची झाकणी काढली. आतल्या चाकावर एक रेघ कोरलेली होती, ती तिने खडूने पांढरी केली. बाहेरच्या कडेला एक खाच होती. ठिणगी पडते त्या क्षणी रेघ या खाचेसमोर हवी, असं काका म्हणाले. प्लगच्या तारेला चिमटा लावून पिस्तुलासारखा एक दिवा हातात घेतला, किल्ली परत लावली आणि काकांना जिन्याखालचा बल्ब घालवायला सांगितलं. इंजिन सुरू झालं. चाक इतकं भरधाव फिरायला लागलं की रेघ कुठली, चाकसुद्धा धड दिसेना.

मग तिने दिवा दाबला.

चाक थांबलं.

इंजिन धडधडत होतं, जमीन हलत होती, आणि चाक जागच्या जागी उभं. पांढरी रेघ स्पष्ट दिसत होती, खाचेच्या जरा पुढे. दर ठिणगीला दिवा लुकलुकत होता आणि दर लुकलुकीला रेघ तिथेच सापडत होती. आयुष्यभर माणसांना 'हलू नका' सांगून थकलेला फोटोवाला तोंड उघडं टाकून बघत राहिला. नवरदेव त्याला कधी स्थिर सापडले नव्हते, तान्ही मुलं तर नाहीच. इथे वाऱ्यासारखी पळणारी वस्तू पोज देऊन उभी होती. त्याचा हात नकळत पुढे गेला.

"हलू नका," मावशी म्हणाली, "बोट जाईल."

इंजिन बंद करून तिने आतल्या पट्टीचे दोन स्क्रू सैल केले आणि पट्टी केसभर सरकवली. पुन्हा दिवा धरला. रेघ खाचेच्या अलीकडे गेली होती. पुन्हा बंद, पुन्हा केसभर. काकासुद्धा गप्प होते, आणि ते गप्प आहेत हे सगळ्यांनाच जाणवलं. तिसऱ्या वेळी रेघ आली आणि खाचेसमोर उभी राहिली. मावशीने मूठ पिळली. इंजिन गरजलं, तशी रेघ शहाण्यासारखी थोडी अलीकडे सरकली आणि तिथे ठाम थांबली. वेग वाढला की ठिणगीला लवकर निघावं लागतं, काका कुजबुजले. देवळात बोलावं तसे.

झाकणी लागली. बायको गाडीवर बसली आणि निघाली. तिघंही रस्त्यावर येऊन ऐकत राहिले. आवाज चढाला लागला, जड झाला, पण अडखळला नाही. वरच्या वळणापर्यंत तो एकसारखा ऐकू आला आणि मग मिटला.

मावशी हात पुसायला आत वळली. फोटोवाला तिच्या मागे मागे गेला. ते थांबलेलं चाक त्याच्या डोळ्यांपुढून हलायला तयार नव्हतं. घरी कॅमेरा होता, रीळ होतं. लाजत, घुटमळत त्याने विचारलं, मावशी, ते चाक मला पुन्हा एकदा बघायला मिळेल का?

"डबा जाळून आणा."